जुन्या यंत्रांच्या ऑफिसात सही केलेले कागद कसे पोचवावेत: कंत्राटी काम करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कंत्राटी माणसाने काम हातावेगळं केलं, तरी पैशांचं घड्याळ लगेच सुरू होत नाही. सही केलेला करारनामा, कामाच्या तासांचा तक्ता आणि बिल समोरच्या ऑफिसात नोंदलं गेलं की ते सुरू होतं. कायम नोकरीतल्या माणसाचा कागद अडला तर तो दोन मजले चढून जाऊन विचारू शकतो. आपण बाहेरचे. आपल्याकडे त्या इमारतीचा पास नसतो, आतल्या सिस्टिमचं लॉगिन नसतं, आणि कागद कुणाच्या टेबलावर पडलाय हे अनेकदा माहीतही नसतं. त्यात तिथे फॅक्स असेल, जुनाट पोर्टल असेल किंवा ‘मूळ प्रतच पाठवा’ असा नियम असेल, तर एका सहीपायी बिल पुढच्या महिन्यावर जातं.

अशा वेळी जुन्या यंत्राशी भांडण्यात दिवस घालवू नका, असं माझं ठाम मत आहे. एकच स्वच्छ, पूर्ण आणि वाचता येईल अशी प्रत तयार करा. ती त्या यंत्राला झेपेल अशा रूपात पाठवा आणि नोंद झाल्याचा लेखी पुरावा मिळवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने येतात.

ही ऑफिसं अजून तशीच का, हेही थोडक्यात समजून घेतलेलं बरं. कुठे नियमपुस्तिकेतच ‘फॅक्सने किंवा टपालाने’ असे शब्द असतात आणि ती बदलायला वरची मंजुरी लागते. जपानच्या सरकारी नियमांत फ्लॉपी डिस्कचा उल्लेख २०२४ पर्यंत टिकून होता. कुठे लेखापरीक्षकांना कागदी फाइल हवी असते. कुठे जुनं सॉफ्टवेअर पगार, बिलं आणि नोंदी यांत इतकं गुंतलेलं असतं की त्याला हात लावायला कुणी धजत नाही. ज्या कारकुनाशी तुम्ही बोलता त्याने यातलं काहीच ठरवलेलं नसतं. त्याच्याशी नीट बोललात तर कागद कुठे अडतो हे तोच तुम्हाला सांगेल.

पाठवण्याआधी विचारून घ्या

बरेच कागद परत येतात ते चुकीच्या रूपात गेल्यामुळे. म्हणून सही करायच्या आधीच एक छोटा मेल टाका:

‘नमस्कार. करारनाम्याची सही केलेली प्रत पाठवायची आहे. शाईची सही असलेली मूळ प्रत लागेल की स्कॅन चालेल? स्कॅन चालत असल्यास फाइलचा प्रकार आणि कमाल आकार कळवावा. किती प्रती हव्यात आणि त्या कुणाच्या नावे पाठवायच्या? नोंद झाल्याचं कुणाकडून कळेल?’

उत्तर फोनवर मिळालं तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्याप्रमाणे स्कॅन पाठवत आहे’ अशी ओळ मेलमध्ये लिहून ठेवा. अंतिम मुदत विचारताना तारखेबरोबर वेळही विचारा. ऑफिस दुसऱ्या देशात असेल तर कुठल्या घड्याळाने, तेही. काही ठिकाणी दुपारनंतर आलेला कागद दुसऱ्या दिवशीच्या आवकेत धरतात, आणि ही गोष्ट फॉर्मवर छापलेली नसते.

फॉर्म भरणं आणि सही

फॉर्म ब्राउझरमध्ये उघडल्यावर नुसतं ‘कृपया थांबा’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसत राहिलं, तर फाइल बिघडलेली नसते. तो एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीचा फॉर्म असतो आणि ब्राउझरमध्ये बऱ्याचदा उघडत नाही. फाइल संगणकावर उतरवून घ्या आणि अ‍ॅडोबीच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा.

जेवढं टाइप करता येईल तेवढं टाइप करा. हाताने लिहिलेला इंग्रजी एक आणि सात फॅक्सवर सारखेच दिसतात, आणि बँक खात्याच्या क्रमांकात तो फरक महागात पडतो. रिकामा रकाना रिकामा सोडू नका, ‘लागू नाही’ लिहा. रिकाम्या रकान्यामुळे फॉर्म अपुरा ठरू शकतो, आणि त्यात नंतर कुणी काही भरलं तर त्याच्या खाली सही मात्र तुमची असेल. त्याच कारणाने कोऱ्या किंवा अर्धवट फॉर्मवर सही करू नका, समोरचा कितीही घाईत असला तरी.

नाव करारात आहे तसंच, अक्षर न अक्षर. करार तुमच्या फर्मच्या नावाने असेल तर सहीखाली तुमचं नाव, हुद्दा आणि फर्मचं नाव या तिन्ही गोष्टी हव्यात. बँक खातं एका नावाने, बिल दुसऱ्या नावाने आणि सही तिसऱ्या पद्धतीने असेल, तर लेखा विभाग तो कागद बाजूला ठेवणारच.

तारीख लिहिताना महिना शब्दात लिहा. ०३/०४ ही तारीख काही देशांत ३ एप्रिल होते, काही देशांत ४ मार्च. ‘३ एप्रिल २०२५’ असं लिहिलं की शंका उरत नाही.

शाईचा रंग कागदाच्या वाटेवर अवलंबून आहे. मूळ प्रत टपालाने जाणार असेल तर निळी शाई चांगली, कारण ती झेरॉक्स नाही हे पाहताक्षणी कळतं. कागद फॅक्सने किंवा काळ्या-पांढऱ्या स्कॅनने जाणार असेल तर गडद काळं बॉलपेन घ्या. फिकट निळी सही अशा यंत्रात अर्धवट उमटते, कधी पूर्ण पुसली जाते. सूचनेत रंग दिलेला असेल तर अर्थातच तोच. सही छापील मजकुरावर चढू देऊ नका. चौकटीच्या रेघांवरून सही गेली की स्कॅनमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळतात.

काही चुकलं तर व्हाइटनर लावू नका. एक सरळ रेघ मारा, शेजारी बरोबर मजकूर लिहा आणि तिथे छोटी सही करा. रक्कम किंवा बँक खात्याचा तपशील चुकला असेल तर मात्र दुरुस्तीच्या फंदात न पडता ते पान नव्याने छापून सही करा.

इलेक्ट्रॉनिक सही चालत असेल तर

इथे तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकाच नावाने ओळखतात. एक, सहीचं चित्र फाइलवर चिकटवणं. दोन, एखाद्या सेवेमार्फत केलेली सही. तिच्यात कुणी, कधी, कुठल्या ईमेलवरून सही केली याची नोंद राहते. तीन, प्रमाणपत्रावर आधारलेली डिजिटल सही, जिच्यामुळे फाइलमध्ये नंतर झालेला बदल पकडता येतो. ऑफिस ‘ई-सही चालेल’ म्हणालं तर यातली कुठली, ते विचारा.

तिसऱ्या प्रकारात एक खाचखळगा आहे. ती सही फाइलच्या आत असते, कागदावर नसते. प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केलं, ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं किंवा सही झाल्यावर आणखी पानं जोडली, की तपासता येणारा भाग निघून जातो किंवा मोडतो. उरतं ते फक्त सहीचं चित्र. म्हणून सगळी सहपत्रं आधी जोडा, सही अगदी शेवटी करा, आणि ती फाइल जशीच्या तशी पाठवा. समोरचं ऑफिस सगळं छापूनच दप्तरी लावत असेल, तर सेवेकडून मिळणारं सहीच्या नोंदीचं पानही सोबत द्या.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर इलेक्ट्रॉनिक सहीला अमेरिकेत २००० च्या ई-साइन कायद्याने मान्यता दिली. युरोपीय संघात २०१४ चा ईआयडीएएस नियम जुलै २०१६ पासून लागू आहे. तरीही एखादं ऑफिस स्वतःच्या नियमाने शाईची सही मागू शकतं, आणि काही दस्तऐवजांना, उदाहरणार्थ नोटरीसमोर करायच्या कागदांना, वेगळे नियम असू शकतात. कायद्याचं कलम दाखवून वाद घालण्यापेक्षा मी असं सुचवेन: ‘इलेक्ट्रॉनिक प्रत आज पाठवतो, शाईची प्रत टपालाने येते आहे, काम पहिल्या प्रतीवर सुरू करता येईल का?’ याला होकार मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते.

स्कॅन: सगळं इथे ठरतं

स्कॅन ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या बारकाव्यावर, करा. त्याखाली बारीक अक्षर फुटतं, त्यावर फाइल उगाच फुगते. ए४ पान ३०० डीपीआयला सुमारे २,४८० गुणिले ३,५०८ ठिपक्यांचं होतं. न दाबलेलं रंगीत पान म्हणजे साधारण २६ एमबी. तेच पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात एक एमबीच्या आसपास, आणि दाबल्यावर त्याहून कितीतरी कमी. सहीची पानं ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, ठेवावीत असं मला वाटतं, कारण पेनाचा दाब आणि शिक्क्याची फिकट कडा त्यात टिकते. नुसत्या छापील मजकुराची पानं काळ्या-पांढऱ्यात चालतात.

फोनने स्कॅन करायला हरकत नाही, पण नुसता फोटो पाठवू नका. आयफोनच्या नोट्समध्ये आणि अँड्रॉइडवरच्या गूगल ड्राइव्हमध्ये कागद स्कॅन करायची सोय आहे. ती कडा ओळखते, तिरकं पान सरळ करते आणि पीडीएफ देते. कागद गडद टेबलावर सपाट ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या, आणि फोनची सावली पानावर पडत नाही ना ते पाहा.

मग फाइल उघडून प्रत्येक पान मूळ कागदाशी ताडून बघा, विशेषतः आकडे. हे मी पोटतिडकीने सांगतो आहे. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या नकाशात आकडेच बदलत होते, सहाच्या जागी आठ येत होता. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र सारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके एकमेकांच्या जागी वापरत होतं. पान अगदी स्वच्छ दिसायचं, म्हणूनच चूक लक्षात यायची नाही. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. पण धडा आजही लागू आहे: फाइल दाबण्याचा सगळ्यात जोरकस पर्याय निवडू नका, आणि रक्कम, खाते क्रमांक, तारखा डोळ्यांनी तपासा.

ईमेलने पाठवताना फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने वाढते, कारण जोडपत्राचं रूपांतर साध्या अक्षरांत होतं. समोरच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल तर तुमची फाइल ७ एमबीच्या आत हवी. फाइलचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा आणि चिन्हं न वापरता, आणि लहान ठेवा. जुन्या सिस्टिमला देवनागरी नाव वाचता येईलच असं नाही. नावात करार क्रमांक, कागदाचा प्रकार आणि तारीख एवढं पुरे. ‘स्कॅन-१’ नावाची फाइल समोरच्या फोल्डरात तशाच इतर फाइलींमध्ये हरवते. फाइल पीडीएफ/ए प्रकारात जतन करता आली तर उत्तम. २००५ साली आलेलं हे मानक दीर्घकाळ जपणुकीसाठीच आहे, आणि त्यात फॉन्ट फाइलच्या आतच राहतात, त्यामुळे समोरच्या जुन्या संगणकावर अक्षरांच्या जागी चौकोन दिसत नाहीत.

फॅक्स

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त कागद इथेच खराब होतात.

बहुतेक फॅक्स यंत्रं आजही १९८० साली ठरलेल्या ग्रुप ३ मानकानुसार एकमेकांशी बोलतात. म्हणूनच कित्येक वर्षं जुनं यंत्र आणि आजची ऑनलाइन फॅक्स सेवा यांचं जमतं. मर्यादाही त्याच मानकातून येतात. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, मधली करडी छटा सहसा नाहीच. आडवे मिलिमीटरला ८ ठिपके. उभ्या दिशेला साध्या मोडमध्ये ३.८५ ओळी, फाइन मोडमध्ये ७.७. म्हणजे तीन मिलिमीटर उंचीचा आकडा साध्या मोडमध्ये जेमतेम अकरा-बारा ओळींत बसवावा लागतो, आणि इंग्रजी सहा व आठ यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. करड्या पार्श्वभूमीचा तक्ता तर ठिपक्यांच्या राखेसारखा उमटतो आणि त्यातलं अक्षर गिळून टाकतो.

म्हणून फाइन मोडच निवडा. वेळ जास्त लागतो, लागू द्या. पाठवण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या: तेच पान संगणकावर २०० डीपीआयला, ग्रेस्केल नको, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात बदला आणि छापून वाचा. तिथे जे दिसत नाही ते पलीकडेही दिसणार नाही. करडे रकाने असतील तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर नवीन प्रिंट काढा, कॉन्ट्रास्ट वाढवा, फिकट शिक्क्याशेजारी त्यातला मजकूर टाइप करा.

पहिलं पान मुखपृष्ठाचं. त्यावर कुणाला, कुणाकडून, तुमचा फोन, करार क्रमांक, तारीख आणि मुखपृष्ठासह एकूण पानं. प्रत्येक पानावर ‘७ पैकी ३’ असा क्रमांक आणि करार क्रमांक टाका, म्हणजे ट्रेमध्ये दोघांचे कागद मिसळले तरी तुमचे वेगळे काढता येतील. मुखपृष्ठावर बँकेचा तपशील लिहू नका. ते पान येता-जाता कुणीही वाचतं. गोपनीय कागद असेल तर आधी फोन करून संबंधित माणसाला यंत्राजवळ उभं राहायची विनंती करा.

कागद यंत्रात कुठल्या बाजूने घालायचा हे यंत्रावरच्या छोट्या चित्रावरून पाहून घ्या. उलटा घातला तर पलीकडे कोरी पानं निघतात, आणि तुमच्या अहवालावर तरीही ‘ओके’ छापलं जातं. त्या अहवालात क्रमांक, वेळ, लागलेला कालावधी, पानांची संख्या आणि निकाल असतो. ‘ओके’चा अर्थ दोन यंत्रांचं बोलणं पूर्ण झालं, एवढाच. पान वाचता आलं का, ते योग्य माणसाला मिळालं का, हे त्यातून कळत नाही. पानांची संख्या जुळते का ते पाहा आणि फोन करा.

फॅक्स मध्येच तुटत असेल तर बहुधा तुमची किंवा त्यांची फोनलाइन इंटरनेटवरून चालणारी असते. आवाजासाठी बनवलेल्या त्या व्यवस्थेत फॅक्सचे सूर बिघडतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये वेग सेकंदाला १४,४०० बिटवरून ९,६०० वर आणा आणि मोठा दस्तऐवज दोन भागांत पाठवा. टी.३८ हे इंटरनेटवरून फॅक्स नेण्याचं मानक पाळणारी सेवा असेल तर त्रास कमी होतो. यंत्र नसेल तर ऑनलाइन फॅक्स सेवा पुरते, फक्त तुमच्या फाइली ती किती दिवस साठवते ते आधी वाचा. दुसऱ्याच्या यंत्रावरून पाठवलंत तर काचेवर राहिलेलं शेवटचं पान आणि छापलेला अहवाल, दोन्ही उचलून घ्या.

टपाल आणि कुरिअर

पाकीट बंद करण्याआधी सगळ्याचा स्कॅन काढा. दोन्ही पक्षांच्या सह्या हव्या असतील तर दोन मूळ प्रती पाठवा आणि एक सही होऊन परत यावी असं पत्रात स्पष्ट लिहा. पिन मारू नका, क्लिप लावा. कागद पलीकडे स्कॅनरमधून जाणार असतात. नोंदणीकृत किंवा माग काढता येईल अशीच सेवा घ्या आणि तिचा क्रमांक त्याच दिवशी मेलने कळवा.

जुनाट पोर्टल

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण त्याच्याचसाठी बनवलेली पोर्टलं अजून आहेत. विंडोजवरच्या एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ आहे. सेटिंगमध्ये तो चालू करून ते पान पुन्हा उघडा. पोर्टल फ्लॅश (ब्राउझरला जोडायचं अ‍ॅडोबीचं जुनं सॉफ्टवेअर) मागत असेल तर प्रयत्न सोडा. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आहे, आणि कुठून तरी जुनी फाइल आणून बसवणं म्हणजे आपल्या संगणकाचं दार उघडं टाकणं. सरळ दुसरा मार्ग मागा, त्या पडद्याचा स्क्रीनशॉट जोडून.

लॉगिन करण्याआधी सगळ्या फाइली एका फोल्डरात आणि सगळी उत्तरं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तयार ठेवा. अशी पोर्टलं काही मिनिटं हालचाल नसली की बाहेर काढतात आणि भरलेलं सगळं जातं. पासवर्ड लावलेली पीडीएफ ती बऱ्याचदा नाकारतात. ‘सबमिट’ एकदाच दाबा. पावती क्रमांकाचं पान दिसलं की लगेच पीडीएफ करून ठेवा. पुष्टीचा मेल येईल या भरवशावर ते बंद करू नका.

पोचलं की नोंदलं?

या दोन वेगळ्या घटना आहेत. कागद इमारतीत पोचला तरी आवक नोंद झालेली नसते, आणि मुदत व पैसे दोन्ही त्या नोंदीवरून मोजले जाऊ शकतात. दुसऱ्या कामाच्या दिवशी फोन करा आणि नेमके प्रश्न विचारा: सगळी पानं आली का, सही स्पष्ट दिसते का, आवक क्रमांक काय, आता कागद कुणाकडे जाईल? मग त्या उत्तरांचा दोन ओळींचा मेल त्याच माणसाला पाठवा. तो मेल म्हणजे तुमची पोचपावती.

कागद नाकारला गेला तर कारण लेखी मागा, आणि ‘याखेरीज आणखी काही त्रुटी असल्यास आत्ताच कळवाव्यात’ ही ओळ जरूर घाला. नाहीतर आज एक, आठवड्याने दुसरी, असं चालू राहतं.

याच टप्प्यावर फसवणूकही होते. बँक खातं बदलण्याविषयी किंवा फॉर्म नव्याने भरून मागणारा मेल आला, तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर करा.

जपून काय ठेवायचं

प्रत्येक करारासाठी एक फोल्डर: सही केलेली अंतिम फाइल, फॅक्सचा अहवाल किंवा टपालाची पावती, नोंदीचा मेल आणि समोरून सही होऊन आलेली प्रत. शेवटची विसरू नका. फक्त तुमचीच सही असलेला करार वादाच्या वेळी लंगडा पडतो. थर्मल कागदावरचा अहवाल काही काळाने फिका होतो, त्याचा लगेच स्कॅन काढा. किती वर्षं ठेवायचं हे तुमच्या देशाच्या कर-नियमांवर आणि करारातल्या कलमांवर अवलंबून आहे.

पुढचा करार करताना, सही होण्याआधी, हा मजकूर घालता येतो का ते विचारा: ‘या कराराखालील बिले व सही केलेले कागद ईमेलने पीडीएफ स्वरूपात पाठवल्यास ते सादर झाले असे मानले जाईल, आणि देयकाची मुदत त्या ईमेलच्या तारखेपासून मोजली जाईल.’ काही ऑफिसं नकार देतील. काही ‘ईमेल’च्या जागी ‘फॅक्स’ लिहून देतील. तेही घ्या, कारण त्यानंतर अहवालावरची तारीख तुमच्या बाजूने बोलते.